असूया आणि श्रवणाचा अधिकार

श्रीमद्भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी भगवान श्रीकृष्णचक्रवर्ती अर्जुनास अत्यंत गुह्य असे ज्ञान विज्ञानासह सांगावयास प्रवृत्त होतात. हे ज्ञान त्यालाच का सांगावयाचे, याचे कारण तेथे एका शब्दात दिलेले आहे. तो शब्द 'अनसूयवे' हा होय. जो असूया करीत नाही, त्याला हे सांगावयाचे. अर्जुनाचे शौर्य, त्याचे कुल, त्याची शस्त्रविद्या यांपैकी कशाचाही उल्लेख त्या ठिकाणी नाही. अठराव्या अध्यायात उपदेशाची समाप्ती होते, तेव्हा हे शास्त्र कोणास सांगू नये याची गणना येते. त्या गणनेत तपोहीन, भक्तिहीन आणि ऐकण्याची इच्छा नसलेला यांच्या जोडीला असूया करणारा उभा केलेला आहे (१८.६७). त्यानंतर चारच श्लोकांनी, जो श्रद्धावान आणि असूयारहित होऊन केवळ श्रवण करील त्यालाही शुभ लोकांची प्राप्ती सांगितली आहे (१८.७१). तिसऱ्या अध्यायात लागोपाठ दोन श्लोकांत (३.३१, ३.३२) आणि सोळाव्या अध्यायातील आसुरी संपत्तीच्या वर्णनात (१६.१८) हाच विषय आलेला आहे. अशा रीतीने गीतेच्या निरनिराळ्या सहा श्लोकांत या एका दोषाकडे बोट दाखविलेले आहे.

काम, क्रोध आणि लोभ ही नरकाची तीन द्वारे म्हणून सर्वांस परिचित आहेत. असूयेस त्या तीन द्वारांत स्थान नाही. परंतु ज्ञान देण्याचा प्रसंग येतो तेव्हा मात्र तिचीच चौकशी प्रथम होते. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विचारणीय विषय आहे.

शब्दविचार

व्यवहारात मत्सर, ईर्ष्या, हेवा आणि असूया हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्रकारांनी मात्र त्यांत भेद केलेला आहे. भगवान पाणिनींनी कारकप्रकरणातील एका सूत्रात (१.४.३७) क्रोध, द्रोह, ईर्ष्या आणि असूया या चार अर्थांचे धातू एकत्र घेतले असून ज्याच्याविषयी कोप असेल त्याला संप्रदान ही संज्ञा सांगितली आहे. वृत्तिकारांनी या चारांचे विवरण केले आहे ते असे : क्रोध म्हणजे सहन न होणे, द्रोह म्हणजे अपकार, ईर्ष्या म्हणजे दुसऱ्याचे चांगले न खपणे, आणि असूया म्हणजे दुसऱ्याच्या गुणांच्या ठिकाणीच दोष दाखविणे. अमरकोशकारांनीही असूयेचा हाच अर्थ दिलेला आहे. मत्सर म्हणजे दुसऱ्याच्या शुभाचा द्वेष. कृपण मनुष्यासही तोच शब्द लावला जातो.

यावरून एक क्रम ध्यानी येतो. प्रथम दुसऱ्याचा उत्कर्ष डोळ्यांस सलतो, ती ईर्ष्या होय. ते सलणे असह्य झाले की मन त्यावर एक उपाय शोधून काढते. ज्या गुणामुळे तो उत्कर्ष झाला, तो गुण खरा गुणच नव्हे असे ते ठरविते. ती असूया होय. ईर्ष्येत मनुष्यास दुसऱ्याचा गुण दिसत असतो, म्हणूनच त्याला दुःख होते. असूयेत तो दिसेनासा होतो. म्हणजे ईर्ष्या ही वेदना आहे आणि असूया हे त्या वेदनेवर मनाने स्वतःच करून घेतलेले चुकीचे औषध आहे. रोगापेक्षा हे औषध अधिक घातक ठरते.

मराठी भाषेनेही हे नेमके टिपलेले आहे. दुसऱ्याचे बरे 'बघवत नाही', ते 'डोळ्यांत सलते', त्याने 'पोटात दुखते', त्यापायी 'जळफळाट' होतो. हे सर्व प्रयोग भोगणाऱ्याचे आहेत. ज्याचा हेवा केला जातो त्याला यातले काहीही होत नाही. डोळा, पोट आणि आग ही सर्व हेवा करणाराचीच असतात.

शिशुपालाचे उदाहरण

असूयेचे संपूर्ण चित्र महाभारताच्या सभापर्वात शिशुपालाच्या रूपाने पाहावयास मिळते. राजसूय यज्ञाच्या प्रसंगी भीष्माचार्यांच्या सांगण्यावरून सहदेवाने अग्रपूजेचे अर्घ्य श्रीकृष्णांस दिले. चेदिराज शिशुपाल हा श्रीकृष्णांच्या आत्याचा पुत्र. त्याला ते सहन झाले नाही. त्याने काढलेली पहिली हरकत वरवर पाहता मोठी न्यायाची दिसते. आचार्य म्हणून पूजा करावयाची तर येथे द्रोण आहेत. ऋत्विज म्हणून करावयाची तर व्यास आहेत. वयोवृद्ध म्हणून करावयाची तर वसुदेव उपस्थित असता त्यांच्या पुत्राची पूजा कशी. हितचिंतक म्हणून करावयाची तर द्रुपद आहे. येथे त्याने कितीतरी थोरांची स्तुती केलेली आहे. परंतु ती स्तुती त्या थोरांसाठी नाही. एकाची उंची कमी करण्याकरिता इतरांस त्याच्याभोवती उभे करणे एवढाच तिचा उपयोग आहे. असूया अशी पुष्कळ वेळा न्यायाचे आणि गुणग्राहकतेचे वस्त्र पांघरून सभेत येते.

पुढे भीष्मांस उद्देशून बोलताना शिशुपालाने श्रीकृष्णांच्या बाललीलांचा उपहास केला आहे. पूतनेचा वध, शकटाचे उलथणे, गोवर्धनधारण या गोष्टी घडल्याच नाहीत असे तो म्हणत नाही. पूतना ही एक स्त्री होती, शकट हे निर्जीव लाकूड होते, आणि सात दिवस उचलून धरलेला गोवर्धन हा वारुळाएवढा होता, असे त्याचे म्हणणे आहे. जिज्ञासूंनी हे स्थळ लक्षपूर्वक पाहावे. घटना नाकारता येत नाही, तेव्हा असूया तिचे माप बदलते. पर्वत तिथेच असतो, सात दिवसही तेवढेच असतात. फक्त पर्वताचे वारूळ होते. ज्याच्या दृष्टीस पर्वत वारुळाएवढा दिसू लागला त्याच्यासमोर साक्षात परमेश्वर उभा असला तरी त्याचा त्याला काय उपयोग? शिशुपालाजवळ सान्निध्य होते, नाते होते आणि आपल्या मातेस मिळालेले शंभर अपराधांच्या क्षमेचे वचनही होते. यातून त्याला काहीही घेता आले नाही. असूया ही ज्ञानाच्या आड कशी येते, याचे उत्तर येथे मिळते. घेणाऱ्याचा हातच ती मिटवून टाकते.

दुर्योधनाचे उदाहरण

त्याच राजसूयाने दुर्योधनाच्या मनात ईर्ष्या पेटविली. यज्ञात आलेले नजराणे स्वीकारण्याचे काम त्याच्याकडेच दिलेले होते. ते द्रव्य घेता घेता आपला हात पुरा पडेना, असे त्याने पुढे पित्यास सांगितले आहे. म्हणजे पांडवांच्या वैभवाचे मोजमाप त्याने स्वतःच्या हातांनी केलेले होते. नंतर मयसभेत स्फटिकाच्या भूमीस पाणी समजून त्याने वस्त्रे सावरली आणि पाण्यास भूमी समजून तो त्यात पडला.

या प्रसंगी द्रौपदीने धृतराष्ट्राच्या अंधत्वावरून टोमणा मारला अशी कथा सर्वत्र प्रचलित आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या आणि १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत तो टोमणा आढळत नाही. तेथील कथनानुसार सेवक हसले, भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव हसले, आणि राजाज्ञेने दुर्योधनास कोरडी वस्त्रे देण्यात आली. दुर्योधन जेव्हा हीच हकीकत धृतराष्ट्रास सांगतो तेव्हा हसणारांत श्रीकृष्ण आणि स्त्रियांसह द्रौपदी यांची भर पडते. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, आपल्याला दुसरी वस्त्रे देण्यात आली हे अधिक दुःखदायक झाले, असे तो म्हणतो. भिजलेल्या पाहुण्यास कोरडे वस्त्र देणे हा यजमानाचा धर्म आहे. परंतु हेवा जडलेल्या मनास उपहासापेक्षाही उपकार अधिक बोचतो. ईर्ष्येची ही खूण प्रत्येक साधकाने स्वतःच्या ठिकाणी तपासून पाहण्यासारखी आहे.

दुर्योधनास काही कमी नव्हते. उंची वस्त्रे, उत्तम अन्न, जातिवंत घोडे हे सर्व असता तू फिकट आणि कृश का झालास, असे धृतराष्ट्राने त्याला विचारले आहे. इतकेच नव्हे, तर पांडव आपल्याच वाट्याचे भाग्य भोगीत आहेत, त्यांच्याविषयी चडफडू नकोस, असे प्रथम शकुनीनेही म्हटलेले आहे. यावरून मत्सर अभावातून उत्पन्न होतो ही समजूत टिकत नाही. तो तुलनेतून उत्पन्न होतो, आणि तुलना जवळच्याशीच होते. दुर्योधनाने इंद्राच्या ऐश्वर्याचा हेवा केला नाही. चुलत भावांचा केला. 'भाऊबंदकी' हा शब्द आपल्या भाषेत कलहवाचक झाला, त्याचे मूळ येथेच आहे. जे व्यवहारात भावाभावांत घडते, तेच धर्मक्षेत्रात गुरुबंधूंत, वक्त्यावक्त्यांत आणि ग्रंथकारांत घडते. ज्याची विद्या आपल्या विद्येच्या शेजारी ठेवली जाते, त्याच्याविषयी सावध राहण्याचे कारण अधिक असते.

अर्जुनाचा ज्वर

येथवर आलेली दोन्ही उदाहरणे पराभूत पक्षाची आहेत. यावरून मत्सर हा केवळ दुर्जनांचा विकार आहे असे वाटण्याचा संभव आहे. तो समज होऊ नये म्हणून आदिपर्वातील एकलव्याख्यान पाहावे. एकलव्याचे शरसंधान पाहून आल्यावर अर्जुनाने द्रोणाचार्यांस एकांतात गाठले आणि तुझ्याहून श्रेष्ठ असा माझा शिष्य होणार नाही या त्यांच्या वचनाची त्यांना आठवण दिली. पुढे गुरुदक्षिणा म्हणून एकलव्याचा अंगठा मागितला गेला आणि त्याने तो प्रसन्न मुखाने दिला. आचार्यांच्या मागणीचा विचार हा स्वतंत्र विषय आहे. येथे अर्जुनाच्या मनाची स्थिती तेवढी पाहावयाची आहे. एकलव्याच्या बाणांचा पूर्वीचा वेग गेल्यानंतर अर्जुन संतुष्ट झाला, असे सांगताना व्यासांनी त्याला 'विगतज्वर' हे विशेषण लाविले आहे. ज्याचा ताप उतरला तो विगतज्वर. हा ताप कशाचा होता हे वेगळे सांगावयास नको. आणि तो उतरविण्याचे मूल्य ज्याचा काही अपराध नव्हता अशा वनवासी मुलाने दिले.

हाच शब्द गीतेत पुन्हा येतो. तिसऱ्या अध्यायात सर्व कर्मे मला अर्पण करून, आशा आणि ममता सोडून, 'विगतज्वर' होऊन युद्ध कर, असा उपदेश भगवंतांनी त्याच अर्जुनास केलेला आहे (३.३०). आणि त्यास लागूनच पुढील दोन श्लोकांत असूया न करणारे मुक्त होतात आणि असूया करणारे नष्ट होतात असे सांगितले आहे. ही दोन स्थळे जोडून वाचावीत. अर्जुनाचा ताप एकदा दुसऱ्याचा अंगठा तुटल्याने उतरला होता. तो ताप उतरणे खरे नव्हते. दुसरा कोणी धनुर्धर पुढे येताच तो पुन्हा चढणारच होता. ममता सुटल्याने जो उतरतो तोच खरा. नवव्या अध्यायात जो 'अनसूयु' म्हणून संबोधिला गेला तो जन्मतःच तसा नव्हता, हे यावरून स्पष्ट होते. अनसूया ही साध्य होणारी अवस्था आहे, आणि साधकास यात मोठा आधार आहे.

दोन पूर्वपक्ष

येथे कोणी असे म्हणेल की, हेवा नसेल तर मनुष्य पुढे कसा जाईल? हा पूर्वपक्ष नवा नाही. असंतोष हेच ऐश्वर्याचे मूळ आहे, असा युक्तिवाद दुर्योधनानेच केलेला आहे. त्याचे समाधान असे की, असंतोष दोन प्रकारचा असतो. आपले कर्तृत्व अपुरे आहे हा असंतोष मनुष्यास कामास लावतो. दुसऱ्याचे वैभव अधिक आहे हा असंतोष त्याला द्यूतास लावतो. पहिल्यातून दुर्योधनाने आणखी एक नगर वसविले असते. दुसऱ्यातून त्याने फासे मागविले. आपले नाक कापून दुसऱ्यास अपशकुन करणे ही म्हण या दुसऱ्या प्रकारासच लागू पडते.

दुसरा पूर्वपक्ष अधिक विचारणीय आहे. दोष दाखविणे म्हणजे असूया असेल तर शास्त्रचर्चा बंदच पडेल. चुकीस चूक म्हणावयाचे नाही काय? याचे उत्तर शब्दाच्या अर्थातच आहे. दोषास दोष म्हणणे ही असूया नव्हे. गुणास दोष म्हणणे ही असूया होय. परंतु आपण कोणते करीत आहोत हे मनुष्यास कसे कळावे? त्यासाठी एक कसोटी पुरेशी आहे. ज्याचा दोष दाखविला त्याने तो सुधारला, तर दाखविणाऱ्यास आनंद होतो की खेद? आनंद झाल्यास ते हितवचन होते. आधार नाहीसा झाल्यासारखे वाटून मन दुसरा दोष शोधू लागले, तर ती असूया होती.

या संदर्भात भास्करभट्ट बोरीकरांचे उदाहरण स्मरणीय आहे. त्यांनी 'शिशुपालवध' हे काव्य रचिले. ते पाहून गुरुबंधूंनी, ग्रंथ चांगला उतरला आहे, परंतु निवृत्तिमार्गी लोकांच्या उपयोगाचा नाही, असा अभिप्राय दिला, असे परंपरा सांगते. त्यानंतर भास्करभट्टांनी भागवताच्या एकादश स्कंधावर 'उद्धवगीता' रचिली. हे दोन्ही ग्रंथ आज महानुभावांच्या साती ग्रंथांत गणले जातात. अभिप्राय देणाऱ्याने गुण आधी सांगितला आणि उणीव नंतर सांगितली. ऐकणाऱ्याने त्यात मत्सराचा वास घेतला नाही. दोन्ही बाजूंनी असूया नव्हती, म्हणून एका अभिप्रायातून एक ग्रंथ निर्माण झाला. त्यांपैकी एकाच्या मनात जरी ती असती, तरी त्यातून केवळ एक वैर निर्माण झाले असते.

निवारणाचे उपाय

पतंजलींनी चित्तप्रसादनासाठी मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना सांगितल्या आहेत (१.३३). वाचस्पतिमिश्रांनी त्यांचे विवरण करताना कोणत्या भावनेने कोणता मल धुतला जातो हे सांगितले आहे. सुखी जनांविषयी मैत्री धरल्याने ईर्ष्या जाते आणि पुण्यवानांविषयी मुदिता धरल्याने असूया जाते. दोन रोगांस दोन वेगळी औषधे आहेत, हे येथे विशेष होय. त्यांच्या आधारे साधकाने पुढील क्रम ठेवावा.

पहिली गोष्ट म्हणजे रोग ओळखणे. 'मला याचा हेवा वाटतो' हे वाक्य मनुष्य स्वतःशीही क्वचितच उच्चारतो. राग आला असे तो सांगेल, लोभ झाला असेही सांगेल. हेवा मात्र नेहमी दुसऱ्या नावाने वावरतो. म्हणून त्याची लक्षणे पाहावीत. एखाद्याची स्तुती कानी पडताच मन आखडते काय? त्याचा दोष ऐकताना सुटल्यासारखे वाटते काय? त्याने केलेले साहाय्य बोचते काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आल्यास निदान झाले असे समजावे आणि शरमून न जाता उपायास लागावे.

दुसरी गोष्ट म्हणजे मैत्री. स्वतःच्या मुलास मिळालेले यश आईस सलत नाही, कारण ते तिला परके वाटत नाही. ज्याचा हेवा वाटतो त्याच्या सुखात अशी आपुलकी कृतीने निर्माण करावी. त्याच्या कार्यात थोडे तरी साहाय्य करावे. ज्या विहिरीच्या खोदाईत आपली एक पाटी माती निघाली आहे, तिचे पाणी गोड लागल्याचे दुःख होत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे मुदिता. मनातल्या मनात आनंद मानण्याचा प्रयत्न आरंभी फसतो. म्हणून वाणीपासून आरंभ करावा. ज्याच्याविषयी असूया वाटते त्याचा एक खरा गुण, तो समोर नसताना, इतरांपुढे सांगावा. आणि ते वाक्य तेथेच पूर्ण करावे. 'विद्वान आहे खरा, पण...' यातील 'पण' पुष्कळदा असूयेचे प्रवेशद्वार असते. खोटी स्तुती मात्र करू नये. तिने मन अधिक कडू होते.

चौथी गोष्ट म्हणजे स्वतःच्या वाट्याकडे दृष्टी वळविणे. गीतेत 'विमत्सर' हा शब्द सहजप्राप्त लाभात संतुष्ट असणाऱ्याच्या वर्णनात येतो (४.२२), आणि स्वधर्माचा उपदेश त्याच तिसऱ्या अध्यायात असूयाविचाराच्या पाठोपाठ येतो (३.३५). आपल्या हाती आलेले कार्य मनःपूर्वक करणाऱ्यास दुसऱ्याच्या ताटाकडे पाहण्यास सवड राहत नाही.

पाचवी गोष्ट सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी आहे. ज्याच्या विद्येचा हेवा वाटतो, त्याच्यापाशी जाऊन काही विचारावे आणि शिकावे. विचारणारा मनुष्य वाकतो, आणि वाकलेल्या मनुष्यास पर्वत पर्वताएवढाच दिसतो.

ज्यांच्या वाट्यास उत्कर्ष आलेला आहे त्यांचेही काही कर्तव्य आहे. मयसभेतील हसू नसते तर दुर्योधन सज्जन झाला असता असे नव्हे. परंतु त्या हसण्याने त्याच्या आगीस वारा मिळाला. सन्मान प्राप्त झालेल्याने पडणाऱ्यास हसू नये, आणि वस्त्र द्यावयाचे ते देखील घेणाऱ्याची लाज राखून द्यावे.

तात्पर्य, असूया ही ज्याची केली जाते त्याचे फारसे बिघडवू शकत नाही. शिशुपालाच्या बोलण्याने गोवर्धन लहान झाला नाही. परंतु जे ज्ञान ऐकावयाचे ते नेहमी कोणाच्या तरी मुखातून येते, आणि ते मुख पुष्कळदा आपल्या बरोबरीच्याचे असते. त्याच्या गुणास गुण म्हणण्याची तयारी नसेल तर त्याच्या मुखातील शास्त्रही ऐकू येत नाही. म्हणूनच गुह्य ज्ञान उघड करण्यापूर्वी भगवंतांनी श्रोत्याची हीच एक योग्यता बोलून दाखविली. प्रत्येक श्रवणापूर्वी, प्रत्येक पाठापूर्वी साधकाने ती आपल्या ठिकाणी आहे की नाही हे पाहून मगच आसनावर बसावे.